आमच्याकडून कचरा बाहेर जात नाही

माझ्या वहिनीच्या ऑफिसच्या काचेच्या दारावर एक वाक्य चिकटवलेलं होतं : ‘आमच्याकडून कचरा बाहेर जात नाही.’ हिरवी, सुबक अक्षरं. अक्षरं तिची, वाक्य माझं. सहा वर्षांपूर्वी जेवताना मी ते सहज बोलून गेले आणि वहिनीने ताट बाजूला सारून लिहून घेतलं. तेव्हा मी काय फुशारले होते! आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

वहिनी लोकांची घरं आतून सजवून देते. कपाटं, पडदे, भिंतींचे रंग. आमच्या घराच्या तळमजल्यावर पुढच्या खोलीत तिचं ऑफिस : एक टेबल, ती, आणि आठवड्यातून तीन दिवस येणारा सुतार. तिचा पिंडच काटकसरीचा. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्याशिवाय सोडायची नाही, दिवसा दिवा लावू द्यायची नाही, आणि गिऱ्हाईक धडधाकट कपाट मोडायला निघालं की त्याच्याशी चक्क भांडायची. “दारं बदला, सांगाडा राहू द्या,” हा तिचा मंत्र. सुतार म्हणायचा, “ताईंच्या मनासारखं झालं तर माझी करवत गंजणार.” पण लोकांना ते आवडायचं. दारावरचं वाक्य वाचून अनोळखी माणसं आत यायची.

भानगड होती नमुन्यांची. प्रत्येक कंपनीचा माणूस दर चार-सहा महिन्यांनी नवा कॅटलॉग आणून ठेवतो. उशीएवढी जाड पुस्तकं. पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवलेले लॅमिनेटचे, रेक्झिनचे, पडद्याच्या कापडाचे तुकडे. जुनं परत न्यायची त्यांच्यात रीत नाही. भंगारवाला हात लावत नाही, कारण कागद आणि प्लास्टिक वेगळं होत नाही. राहिली कचऱ्याची गाडी. पण ती उभी राहणार त्याच दारासमोर, त्याच वाक्यासमोर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मग वहिनीने पहिला कॅटलॉग मागच्या खोलीत ठेवला. मग दुसरा. पुढे खोलीला कुलूप लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हात टेकून बसली नव्हती, हे कबूल करायला हवं. दुपारी जेवण झालं की रंगाऱ्याची पातळ पट्टी घेऊन एकेक तुकडा सोलत बसायची. एका पुस्तकाला अख्खी दुपार. इकडे एक सोलून होईतो तिकडे दोन येऊन पडायची. बोटांना चिरा पडल्या होत्या.

“नवे घेऊच नकोस ना,” मी म्हणायची.

“मग गिऱ्हाइकाला काय दाखवू? तुझं तोंड?”

आणि मग आई घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी घरी न्या, पण जिन्याचं नाव काढू नका. आमच्या तळमजल्यावर खोल्या दोनच, ऑफिस आणि मागची. दादा परगावी नोकरीला. त्याने फोनवर निकाल लावला, “मागची खोली रिकामी करा.” त्याला काय जातंय बोलायला!

बुधवारी वहिनीने माझ्यासमोर कुलूप काढलं. दार अर्धंच उघडलं. छातीपर्यंत रचलेल्या कॅटलॉगांच्या पेट्या, मधे एक माणूस तिरकं होऊन शिरेल एवढी वाट, आणि डोक्यात चढेल असा गोंदाचा वास.

“वहिनी, हे काय गं?”

“बाहेर जात नाही ना,” ती म्हणाली. हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

“गाडी बोलाव.”

“परवाच एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. त्या वाक्याशेजारी उभं करून तिचा फोटो काढला. गाडी कशी बोलावू सांग.”

मला तिचा भयंकर राग आला. पण ते वाक्य ताटावरून उचलून तिच्या हातात दिलं होतं मीच, त्यामुळे बाह्या सरसावून पहिली पेटी उचलली. दोन दिवस आम्ही पेट्या एकीवर एक छतापर्यंत रचत राहिलो. शुक्रवारी कसाबसा पलंग मावला आणि आईला आणून त्यावर निजवलं. तिन्ही बाजूंना पेट्या. पडल्या पडल्या हात लांब केला की हाताला पुठ्ठाच लागायचा.

शनिवारी सकाळी चहा देताना आईने विचारलं, “या खोलीला खिडकी होती ना गं?”

“आहे, आई,” वहिनी म्हणाली. “पेट्यांच्या मागे आहे.”

“असू दे. मला कुठे आता उठून बघायचंय.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता. वहिनी कप तसाच ठेवून बाहेर गेली आणि तिने गाडीला फोन केला.

गाडी आली ती भर दहा वाजता. सगळी गल्ली बघत होती. सुतार नि गाडीवरची दोन माणसं पेट्या काढत होती, आणि वहिनी कुणाकडेही न बघता एकेक पेटी स्वतः उचलून देत होती. मी तेवढ्या वेळात ब्लेडने दारावरची अक्षरं खरवडली. ‘बाहेर’ निघता निघेना. अकराला सगळं संपलं. खिडकी उघडली आणि आईच्या पायांवर ऊन आलं. वहिनी मोकळ्या फरशीवर बसून राहिली.

“सहा वर्षं गं,” ती मला म्हणाली. “आणि गेलं शेवटी तिथेच, जिथे पहिल्या दिवशी गेलं असतं.”

सोमवारी एका कंपनीचा माणूस दोन कॅटलॉग घेऊन दारात हजर. वहिनी वाट अडवून उभी राहिली. “दाखवा आणि घेऊन जा.”

“ताई, परत न्यायला आम्हाला बंदी आहे. नको असतील तर टाकून द्या.” त्याने दोन्ही पायरीवर ठेवले आणि तो गेला.

आम्ही काचेच्या आतून त्यांच्याकडे बघत राहिलो. सुतार हळूच म्हणाला, “ताई, बारा वाजता येणाऱ्या बाईंना यातलाच रंग हवाय.”

वहिनीने दार उघडून दोन्ही उचलले, ऑफिस ओलांडून मागच्या खोलीत गेली आणि पलंगाशी वाकली.

“आई,” ती मान वर न करता म्हणाली, “तुमच्या पलंगाखाली एवढे दोन मावतील ना?”

आई खिडकीबाहेर बघत होती.

“दोनच हं,” ती म्हणाली.