रेनकोट घालून पळणं

दादाला जाऊन तीन महिने झाले. आज त्याची ट्रंक आवरताना तळाशी रेनकोट सापडला. घडी उलगडताच रबराचा आंबूस वास आला आणि मी मनानं पुन्हा गावाबाहेरच्या झरीच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

तेव्हा दादा पोलीस भरतीसाठी पळायचा. वयाच्या अटीमुळे ती त्याची शेवटची संधी होती. भरतीची सगळी पोरं ऐन उन्हाळ्यात रेनकोट घालून पळत. जितका घाम जास्त, तितकं अंग हलकं, असा त्यांचा समज. मी सायकलवर बसून वेळ मोजायचे.

त्या सकाळी चौथ्या फेरीत तो भेलकांडला. चेहरा लालबुंद, बोलणं अडखळत होतं. मी त्याला कडुलिंबाखाली बसवलं आणि रेनकोटची चेन ओढली. आत साचलेला घाम ओघळला.

"काढू नको गं. घाम निघायलाय, चांगलं हाय की."

"निघून काय उपयोग? वाळला तरच अंग गार होतं. आत कोंडून शिजायलास तू, दादा."

"लय शानी झालीस, मास्तरीण!"

मी बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर ओतलं आणि ओढणीनं वारा घालत राहिले. हळूहळू त्याचा श्वास खाली बसला, बोलणं सरळ झालं. तेव्हा मला माझ्या विज्ञानाच्या पुस्तकाचाच अभिमान वाटला होता. सगळ्या पोरांसमोर वेगळं पळणं दादाला किती अवघड गेलं असेल, ते आज कळतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत तो एकटाच रेनकोटशिवाय, बनियनवर आला. मागून पोरं ओरडली, "काय रे, घाम संपला का?"

दादानं वळून पाहिलं नाही. मला म्हणाला, "घड्याळ लाव."