ब्रेकचं निमित्त

गाडीचे ब्रेक खराब झाल्याचा आनंद झालेला माणूस मी एकटाच असेन. पुढच्या डाव्या चाकातून खर्र खर्र आवाज यायला लागला, आणि त्याच आठवड्यात मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा शेतकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. पाड्यावरचा हातपंप माघापासून बंद, बायका ओहोळात खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरतात, साहेबांनी एकदा येऊन बघावं, एवढंच त्याचं म्हणणं. मी हळहळलो आणि म्हणालो, "गाडीचे ब्रेक गेलेत हो. घाट कसा उतरणार?" यात खोटं काहीच नव्हतं.

खरी अडचण अशी, की त्या पंपाची पाहणी मी फाल्गुनातच केली होती. पाडा सडकेपासून बराच खाली, पायवाटेने उतरावं लागतं. मी सडकेवरूनच खाली नजर टाकली आणि कचेरीत येऊन लिहिलं, 'पंप सुस्थितीत, नियमित वापरात.' सरकारी कागदावर पंप एकदा चालू झाला की त्याला बंद पाडायला फार धैर्य लागतं. बंद लिहावं तर मी खाली उतरलोच नव्हतो हे उघड होणार. न लिहावं तर दुरुस्तीवाले फिरकणार नाहीत. या पेचातून मला ब्रेकने सोडवलं.

दोन आठवडे छान गेले. तो पुन्हा आला तेव्हाही ब्रेक गेलेलेच होते. तिसऱ्या खेपेला मात्र तो रविवारी सकाळी जीपने जव्हारला थेट घरी आला आणि ओट्यावर बसला. बायकोने त्याला चहा दिला, सगळी हकीकत विचारून घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, मग ब्रेक करून का घेत नाही? पॅड तर केव्हाचे डिकीत पडलेत."

गॅरेजवाल्याने ते काम तासाभरात केलं असतं, आणि मला भीती त्याचीच होती. म्हणून मी छाती पुढे काढून जाहीर केलं, की पॅड मी स्वतः बदलणार, इथे, दारात. घरी काढलेलं काम कधी संपेल हे आपल्या हातात राहतं.

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस गुणगुणत बोल्ट काढत होता. मी जॅक लावला, चाक काढलं. समोर ब्रेकची तबकडी, तिला चिमट्यासारखा धरून बसलेला कॅलिपर, आणि कॅलिपरच्या मागच्या अंगाला, इंजिनाकडे तोंड करून बसलेले दोन बोल्ट. त्यातला खालचा काढला की कॅलिपर वर उचलता येतो आणि पॅड बदलता येतात. मी उकिडवा बसलो, हात मागे घालून पाना अडकवला आणि जोर लावला. बोल्ट हलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. खरं सांगतो, मला मनातून गुदगुल्या झाल्या. इकडच्या पावसात चार महिने लोखंड भिजतं, बोल्ट गंजणारच, त्यात माझा काय दोष?

"बघा, निघतच नाही," मी ओट्याकडे पाहून म्हणालो. त्याने मान डोलावली आणि तो तसाच बसून राहिला.

आमच्या आळीत कुणाचं काही अडलं की समिती आपोआप नेमली जाते. डावीकडून निवृत्त मुख्याध्यापक आले, उजवीकडून मोजणी खात्यातले शेजारी आले. दोघांच्या अंगावर रविवारची इस्त्री. मोजणीवाल्यांच्या मते बोल्टवर उकळतं पाणी ओतायला हवं होतं. मुख्याध्यापकांनी घरून लोखंडी नळी आणवली आणि पान्याच्या दांड्यावर चढवली, म्हणजे जोर वाढतो. "डावीकडे म्हणजे सैल, उजवीकडे म्हणजे घट्ट," त्यांनी पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. मग आम्ही तिघांनी डावीकडे दीड तास जोर केला. कधीकाळी हा बोल्ट आवळणाऱ्या मेकॅनिकचा, गाडी बनवणाऱ्यांचा आणि एकंदर घसरलेल्या जमान्याचा उद्धार झाला. खाली वाकून बोल्टचं तोंड बघावं असं मात्र एकालाही वाटलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायचा आमचा तिघांचा मिळून शंभरेक वर्षांचा अनुभव.

शेवटी तो ओट्यावरून उठला. टोपी काढून ठेवली, मातीत उताणा झाला आणि डोकं सरळ चाकाच्या खोबणीत घातलं.

"सायब," तो आतून म्हणाला, "तुमी याला आवळताय."

"काय?"

"बोल्टाचं तोंड तिकडं हाय. तुमी हिकडून डावीकडं वढताय, तर तिकडून त्यो उजवीकडं जातो. आत येऊन बघाया लागतं. भिवंडीला टरकाच्या गॅरेजात मी लय काढलेत."

मुख्याध्यापकांना एकाएकी घरी काम आठवलं. मोजणीवाले नळी परत द्यायला त्यांच्या मागोमाग गेले. मला आधी राग आला, तोही त्याचाच. हा माणूस दीड तास ओट्यावर बसून बघत होता! तसं मी बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "तुमी इचारलंच नाय."

त्याने तारेच्या ब्रशने गंज खरवडला, तेल सोडलं, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके दिले आणि एक बिडी संपेपर्यंत स्वस्थ बसला. मग पाना लावून एक हिसका दिला. कट् असा आवाज झाला. तीन सुशिक्षितांनी आवळलेला बोल्ट बोटांनी फिरत बाहेर आला. दोन्ही बाजूंचे पॅड बसवून त्याने मला ब्रेक दाबून बघायला लावला आणि हात पुसत म्हणाला, "निघायचं?" बायकोने किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.

घाटात ब्रेक दुर्दैवाने उत्तम लागले. सडकेवर गाडी उभी करून आम्ही पायवाटेने उतरलो. पंपाच्या तोंडात कोळ्याने जाळं केलं होतं. दांडा मी दाबून पाहिला, तो जागचा हलला नाही. हंडे घेऊन ओहोळाकडून चढणाऱ्या बायका थांबून बघू लागल्या.

"फागणात एक गाडी वर थांबलेली," तो म्हणाला. "आमी समदी बायापोरं हात करत होतो, खाली या, खाली या. त्यांनी काच वर केली न गेले."

ते हात बोलावणारे आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं. कचेरीत बसून मी लिहिलं होतं, 'ग्रामस्थांनी हात हलवून समाधान व्यक्त केले.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. आता त्या बायकांसमोर उभं राहून ते आठवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो मीच होतो," मी म्हणालो.

"ठावं हाय," तो म्हणाला. "म्हून तर दर बारीला तुमच्याकडंच आलो. आता लिवा."

मी पंपाच्या ओट्यावर बसून वही काढली आणि लिहिलं, 'पंप माघापासून बंद. फाल्गुनातली पाहणी मी केलीच नव्हती.' त्याने ते मला मोठ्याने वाचायला लावलं, आणि मागच्या बायकांना नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एकदा वाचायला लावलं.