डबलदादाचा दुसरा गळा

पडद्यामागून बाईचा आवाज यायचा. पहिल्या ओळीला मैदान गप्प व्हायचं, दुसऱ्या ओळीला शिट्ट्या सुरू व्हायच्या, आणि कडवं संपता संपता पडदा सारून एक काळासावळा, रुंद खांद्यांचा, जाड मिशीचा माणूस माईकसमोर येऊन उभा राहायचा. गाणं चालूच असायचं. आवाज तोच, तितकाच कोवळा, आणि समोर हा मिशीवाला. लोकांना उमगायला दोन क्षण लागायचे. मग ज्या टाळ्या पडायच्या त्या निवेदकालाही आवरता यायच्या नाहीत. पेणकडच्या साखरचौथीच्या गणपतीच्या मांडवात, रोह्याच्या नवरात्रात, नागोठण्याच्या एखाद्या पूजेला ज्यांनी ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रा ऐकला, त्यांना हा माणूस आठवत असेल. नाव दामोदर. पोस्टरवर ‘डबल व्हॉइस’ असं छापलेलं असायचं, म्हणून सगळे त्याला डबल म्हणत. मी डबलदादा म्हणायचे.

वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावात त्याचं घर होतं. दिवाळी सरली की पावसापर्यंत तो मिठागरात कामाला असायचा. खाऱ्या पाण्यानं त्याच्या तळहातांना भेगा पडलेल्या असत, म्हणून माईक धरताना तो आधी हाताला रुमाल गुंडाळायचा. लोकांना ती स्टाइल वाटायची. पुढे दोन-तीन गावांतली हौशी पोरंही माईकला रुमाल लावून गायला लागली. डबलदादाला त्याचं हसू यायचं. “त्यांना सांगू नको गो,” असं मला म्हणाला होता, “त्यांना वाटतं ती फॅशन हाय.”

त्याचा एक नियम होता. बाईच्या आवाजात गाताना तो कधी कंबर हलवायचा नाही, मान वेळावायचा नाही, डोळे मारायचा नाही. दोन्ही पाय रोवून, सरळ उभा राहून गायचा. प्रेक्षकांतून कुणी ओरडायचं, “डबल, जरा लाजून दाखव की.” तो ऐकलं न ऐकलंसं करायचा. मला त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “बाईचा आवाज काढायचा. बाईची टवाली करायची नाय.”

त्याची आई लग्नात धवले म्हणायची. धवले म्हणजे लग्नविधींची गाणी; आमच्या भागात ती म्हणणाऱ्या बायाच विधी गाऊन लावतात. त्यांच्याशिवाय हळद लागत नाही. लहानपणी तो आईच्या मागे मांडवामांडवांतून हिंडला. ती गेली तेव्हा हा बारा वर्षांचा होता. पुढे वर्षभरात त्याचा आवाज फुटला, चारचौघांसारखा जाडा झाला. पण मिठागरावर एकटा असताना तो आईचे धवले म्हणायला लागला की जुना आवाज परत यायचा. “म्हंजे एक गला मोठा झाला,” तो सांगायचा, “दुसरा तिथंच थांबला, आईसाठी.” तो हे इतक्या साधेपणानं सांगायचा, की ऐकणाऱ्याला त्यावर काही बोलावं असं वाटत नसे.

मी त्याच्या आयुष्यात आले ती त्याची जागा घ्यायला. हे आज लिहिता येतं. तेव्हा मला ते धड कळलंही नव्हतं. मी रोह्याची. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायले, आणि ऑर्केस्ट्राचे मालक नाना दुसऱ्याच दिवशी घरी आले. बाबांची कंपनी बंद पडली होती, घरात बसून ते दिवसभर तोच पेपर वाचायचे. मी हो म्हणाले. तोवर घराघरांत टीव्ही आले होते. गाणं आता कानाआधी डोळ्यांना दिसायला लागलं होतं. नाना म्हणायचे, “लोकांना आता बाई दिसली पाहिजे. मिशी बघायला कोण थांबतंय?”

मला तयार करायचं काम नानांनी डबलदादावरच सोपवलं. दर रविवारी दुपारी तो एसटीनं रोह्याला यायचा आणि एका शाळेच्या रिकाम्या वर्गात मला शिकवायचा. श्वास कुठे घ्यायचा, माईकपासून तोंड कधी दूर न्यायचं, गाण्यात हसायची जागा आली तर ते हसू आधी डोळ्यांत कसं आणायचं. एका रविवारी नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं, गाड्या थांबल्या होत्या. आज दादा येत नाही म्हणून मी निघायच्या बेतात होते. तोच तो दारात उभा. कमरेपर्यंत भिजलेला. पाणी ओसरायची वाट न बघता त्यातून चालत आला होता आणि पुढे कुठल्याशा टेम्पोत बसून रोह्याला पोचला होता.

“आज नाय आलो असतो तर लांब तानेचा धडा राहिला असता,” असं म्हणून त्यानं लेंग्याचं पाणी पिळलं आणि शिकवायला बसला.

त्या दिवशी मी धीर करून विचारलं, “दादा, मी तयार झाले की तुमचं काय?”

त्यानं ओल्या लेंग्याचे पाय वर दुमडले. मग म्हणाला, “तू नाय तर दुसरी येनारच. ती वाईट शिकून आली असती.”

माझा पहिला कार्यक्रम चांगला झाला. दुसरा त्याहून चांगला. तिसऱ्यापासून पोस्टरवर माझा फोटो आला आणि ‘डबल व्हॉइस’ ही अक्षरं गेली. पुरुषांची गाणी नानांचा पुतण्या म्हणायचा. डबलदादाचा जाडा आवाज चारचौघांसारखाच होता, त्यामुळे त्या बाजूलाही त्याला जागा नव्हती. त्यानं कुणाशी वाद घातला नाही. फक्त येत राहिला. बोलावलेलं नसताना तालमीला यायचा, कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा. वायरी गुंडाळायचा, सगळ्यांसाठी चहा आणायचा. एकदा मी गात असताना त्याचे ओठ हलताना दिसले. माझ्याकडे लक्ष गेल्यावर त्यानं तोंडावर रुमाल धरला.

“नाना, एकच गाना,” असं तो दर तालमीनंतर म्हणायचा. आधी हसत म्हणायचा. पुढे हसणं गेलं. नाना म्हणायचे, “बघू.” एका गणपतीत बघू झालं, नवरात्रात बघू झालं. ज्यानं कधी कुणापुढे मान तुकवली नव्हती, तो नानांच्या घराबाहेर चपला काढून तास तास बसलेला लोकांनी पाहिला. मला त्याच्या डोळ्यांकडे बघवत नसे. मी नानांना एक शब्द टाकू शकले असते. टाकला नाही. आपली जागा जाईल ही भीती मलाही होतीच.

मग एका दुपारी तालीम संपल्यावर, आम्ही सगळे निघत असताना, तो नानांसमोर येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, “मी साडी नेसतो.”

कुणाला काही कळेना. नाना म्हणाले, “काय?”

“साडी नेसतो. मिशी काढतो. लोकांना बाई दिसायला पायजे ना? मी दिसतो बाई.”

माझ्या हातात गाण्यांची वही होती. ती मी छातीशी घट्ट धरल्याचं आठवतं. म्हणावंसं वाटलं, दादा, नको. नानांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचा तो भाव आला, नवीन आयटम सुचल्याचा. “कॉमेडी होईल चांगली,” ते म्हणाले.

डबलदादा म्हणाला, “चालंल.”

कार्यक्रम पेणजवळच्या एका गावात होता, त्याच्या गावापासून फार लांब नाही. दिवेलागणीला सुरुवात झाली. मी विंगेत उभी होते. मिशी काढलेला त्याचा ओठ इतका फिकट आणि उघडा दिसत होता की मी नमस्कार करायलाही विसरले. अंगावर हिरवी साडी होती. बायकोची असावी, कारण ती त्याला आखूड होत होती. त्यानं सवयीनं हाताला रुमाल गुंडाळला. तो स्टेजवर गेला आणि गाण्याआधीच मैदान हसायला लागलं.

त्यानं गाणं सुरू केलं. आवाज तोच होता, मी शप्पथ घेऊन सांगेन. पण कुणी ऐकत नव्हतं. पोरं नाचून दाखवत होती, कुणी नाव घेऊन लग्नाची मागणी घालत होतं. नाना मागून खुणा करत होते, कंबर हलव म्हणून. तो मात्र पाय रोवून उभा होता. एक कडवं झालं आणि अचानक त्यानं ते गाणं सोडलं, वादकांना हातानं थांबवलं आणि आईचा धवला धरला. हळदीचा. नुसता गळा, बाकी काही नाही.

मला वाटलं, आता शांत होतील. समोर बसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी हात जोडले, त्यांनी त्याच्या आईला गाताना ऐकलं असणार. पण मागचं मैदान आणखीच हसलं. साडीतला माणूस लग्नाचं गाणं म्हणतोय, यापेक्षा मोठी गंमत त्यांना दुसरी कुठली मिळणार? त्यानं धवला शेवटपर्यंत म्हटला. मग माईक जागेवर नीट अडकवला, रुमाल सोडला आणि खाली उतरला. माझ्या शेजारून गेला, पण मी तिथे आहे हे त्याला दिसलं नसावं.

नानांनी लगेच माझं नाव पुकारलं. मी गेले आणि गायले. वन्स मोअर मिळाला. तोही घेतला.

त्यानंतर तो तालमीला आला नाही. माघात मी हिय्या करून त्याच्या गावी गेले. तो खाऱ्या पाण्यात उभा राहून लाकडी फावड्यानं मीठ ओढत होता. मिशी परत आली होती, बरीचशी पांढरी. बांधावर त्याची लेक, सात-आठ वर्षांची, जेवणाचा डबा घेऊन बसली होती.

“दादा, परत या,” मी म्हणाले. “मी नानांशी बोलते.” किती उशिरा बोलतेय हे माझं मलाच ऐकू येत होतं.

त्यानं ओढणं थांबवलं नाही. “लोक हासले त्याचं नाय गो. लोक हासतात. मी सोता साडी मागितली, त्याचं हाय.” मग म्हणाला, “आई गायची तवा लोक हात जोडायचे. तोच गला मी हासायला दिला.”

“एक ओळ म्हणा. माझ्यासाठी.”

“आता येत नाय,” तो म्हणाला. “रोज बघतो. येत नाय.” त्याच्या सुरात तक्रार नव्हती. विहीर आटली हे सांगावं तसं त्यानं ते सांगितलं, आणि पाठ फिरवून मीठ ओढत राहिला. मी बांधावर थोडा वेळ बसले, लेकीशी दोन शब्द बोलले, आणि निघाले.

चार वर्षांत ऑर्केस्ट्रा संपला. आधी व्हिडिओ आले, मग नुसते स्पीकर. नानांनी वाद्यं विकून टाकली. ज्या जागेवरून त्याला उठवलं, ती जागाच उरली नाही. मी रोह्याजवळ वरशाच्या एका शाळेत गाण्याची बाई झाले. डबलदादा छातीच्या दुखण्यानं गेला, ते मला महिन्याभरानं बाजारात कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं.

गेल्या वर्षी एक बाई पत्ता विचारत माझ्या घरी आली. चाळिशी उलटलेली, अंगानं त्याच्यासारखीच रुंद. बांधावर डबा घेऊन बसलेली ती लेक. पेणला दिली होती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं सरळ विषय काढला. “बाबांचा आवाज कुठं मिळंल का? तो बायकांचा. मी लहान होती, घरात कधी गायचे नाय ते. गावातले सगले सांगतात असा होता, तसा होता. मी काय ऐकलाच नाय.”

नानांकडे काही नव्हतं, तिथे ती जाऊन आली होती. माझ्याकडे एक कॅसेट होती. शिकवणीच्या दिवसांत, घरी सराव करता यावा म्हणून मी डबलदादाचं गाणं भरून घेतलं होतं, दोन्ही बाजू. आणि नंतर, माझं नाव झाल्यावर, नवीन कॅसेट आणायचा कंटाळा केला आणि तिच्यावरच माझ्या कार्यक्रमातली गाणी भरली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

तिनं पाण्याचा पेला बाजूला सारला. म्हणाली, “मंग तुमीच म्हना. तुमाला शिकवलंय ना त्यांनी?”

मी गायले. साठीतल्या गळ्यात जे उरलं होतं ते सगळं लावून गायले. श्वास त्यानं सांगितला तिथेच घेतला. ती डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, अगदी शेवटपर्यंत ऐकत होती.

“गोड हाय तुमचा आवाज,” ती म्हणाली. “पन ह्यो बाईचा हाय.”

मी मान हलवली.

उठताना तिनं ती कॅसेट बघायला मागितली. मी कपाटातून काढून दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, आतली तपकिरी फीत बोटानं चाचपली.

“तुमच्या गान्यांच्या खाली असंल का तो, थोडासा?” तिनं विचारलं.

“नाही गं. वरून दुसरं भरलं की आधीचं पुसलं जातं.”

“सगलं?”

“सगळं.”