नुसतं ‘येतो’ चालणार नाही

ऑफिसात तिला सगळे परवानगीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. कामासाठी परगावी जायचं तर आधी ग्रुपवर मालकांना विचारायचं, त्यांचा होकार आला की मगच तिकीट, ही शिस्त तिनंच लावलेली. उगाच नव्हे. मागे फिटरकाका मशीन दुरुस्तीला गेले आणि तापानं फणफणून तिथल्याच दवाखान्यात पडले. इकडे काकूंचे फोनवर फोन, आणि काका नेमके कुठे आहेत हे ऑफिसात एकालाही सांगता येईना. तेव्हापासून कुणी बॅग उचलली की ही कुठे, कशाला, परत कधी ते विचारून घ्यायची.

त्या सकाळी काकांनी ग्रुपवर लिहिलं, “येतो.” मालकांनी लिहिलं, “या.” झाली मंजुरी! तिनं तिकीट काढून दिलं, काका निघाले.

दुपारी मालक केबिनबाहेर आले. “काका कुठायत? येतो म्हणाले, मी या म्हटलं, अजून पत्ता नाही. ते परगावचं काम रद्द झालंय, तेच सांगायचं होतं.”

तिनं तडक मोबाईल उचलला. काकांचा फोन लागेना. ती खुर्चीत बसे, उठे, खिडकीपर्यंत जाऊन परत येई. कुणी चहा पुढे केला तर त्याच्यावरच खेकसली. एवढी शिस्त लावून शेवटी पालथ्या घड्यावर पाणी! ऑफिस सुटता सुटता फोन लागला. काका सुखरूप होते. गिऱ्हाइकाच्या कुलूपबंद फाटकासमोर उभे राहून मालकांच्या नावानं बोटं मोडत होते.

मालकांनी फर्मान काढलं, “यापुढे निघताना ‘जातो’ असंच लिहायचं. घोळ नको.”

पुढच्या खेपेला काका मोबाईल घेऊन तिच्या टेबलाशी अडून राहिले. “मॅडम, पगार कापा, पण असलं अभद्र माझ्याच्यानं लिहवत नाही. तुम्हीच टाका.”

“काय तरी एकेक! द्या इकडे.”

तिनं ‘जा’ उमटवलं आणि बोट तिथंच अडलं. काका समोर हसत उभे होते आणि तिला भीती वाटत होती, अगदी खरीखुरी. तिनं ते पुसलं आणि लिहिलं, “काका कामाला निघालेत, परत येणार आहेत. पाठवू का?”

ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मग मालकांचं उत्तर आलं, “पाठवा. पोहोचले की मलाही कळवा.”