आहेतमधला त

राजकारणातली माझी कारकीर्द अकरा महिन्यांची. हुद्दा एका दमात सांगायचा तर भावी आमदारांचा माजी पीए. भाऊ भावी होते ते बॅनरमुळे, आणि मी माजी झालो तो स्वतःच्या तोंडामुळे.

भाऊ आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलेच. घरची कापूस-तुरीची शेती, एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले, आणि तेव्हापासून दर निवडणुकीला तिकिटाची वाट बघणारे. यवतमाळात त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. माझ्याआधी तिथे चार पीए येऊन गेले होते. एकाला विरोधकांनी पळवलं, एकाला तलाठ्याची नोकरी लागली, एक भाऊंच्या ओळखी वापरून स्वतःच सरपंच झाला, आणि चौथा का गेला ते कोणी सांगेना. चहा करणारे काका तेवढे पहिल्यापासून टिकून होते. त्यांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर ‘नवा पीए ५’ असा होता. मी म्हटलं, “काका, माझं नाव टाका ना.”

“कायले?” काका म्हणाले. “पुन्हा बदलावं लागते.”

मला राग आला. पाचही जणांत मराठीत एम.ए. झालेला मी एकटाच. प्राध्यापकाची परीक्षा तीनदा दिली आणि तिन्ही वेळा तिने मला नाकारलं, ही गोष्ट वेगळी. मला वाटायचं, या ऑफिसला भाषा म्हणून कशी ती नाही, आणि ती आणण्यासाठीच माझा जन्म झाला आहे.

भाऊ बोलायचे कागदाशिवाय, अस्सल वऱ्हाडीत. “बोंडअळी आपल्याले इचारून येते का? मंग पंचनामेवाला काहून इचारून येते?” असं काही म्हणायचे आणि अख्खा मंडप हसायचा. मला ते ऐकून मान खाली घालावीशी वाटायची. मग मी त्यांची भाषणं लिहायला घेतली. पहिल्या भाषणाचं पहिलं वाक्य अजून पाठ आहे: “दुर्दम्य इच्छाशक्तीच्या बळावर या परिसराच्या सर्वंकष उन्नयनासाठी मी कटिबद्ध आहे.” लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि स्वतःवरच खूश झालो. भाऊंनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. “मस्त लिहलं,” एवढंच म्हणाले.

फुलसावंगीच्या सभेत त्यांनी ते वाचायला घेतलं. ‘दुर्दम्य’चं ‘दुर्गम’ झालं, ‘उन्नयन’ त्यांनी खोकून टाळलं आणि ‘कटिबद्ध’पाशी पाणी मागितलं. मागून कोणीतरी म्हणालं, “भाऊ, कागद ठेवा न, आपलं बोला.” मी माइकवाल्याला झापलं. दोष माझ्या वाक्यात असेल हे मला सुचलंसुद्धा नाही.

त्यानंतर गुरुवार सुरू झाले. दर गुरुवारी दुपारी भाऊ ड्रायव्हरला सुट्टी द्यायचे, स्वतः गाडी काढायचे आणि तीन-चार तास गायब व्हायचे. जाताना मला म्हणायचे, “कोणी इचारलं त सांगजा, भाऊ तिकडे गेले.” आमच्याकडे ‘तिकडे’ म्हटलं की ऐकणारा डोळे मिचकावतो, हे भाऊंना कसं कळत नव्हतं कोण जाणे. एकदा मी फाइल घेऊन आत गेलो तर ते फोनवर होते. आवाज एकदम मऊ, मी तसा कधी ऐकलाच नव्हता. “हो बाई. नाही बाई. या गुरुवारी उशीर नाही होणार.” मला पाहून त्यांनी फोन ठेवला, कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, “घाटंजीले आपल्या एक बाई आहेत. कोणापाशी बोलू नका.”

मी कोणापाशी बोललो नाही. सलग सहा दिवस.

सातव्या दिवशी ढाणकीला एक मोठं लग्न होतं. अशा लग्नात पुढे सोफ्यावर नेते बसतात आणि मंडपामागे, चहाच्या पातेल्याजवळ, त्यांचे पीए. तिथे ज्याचा त्याचा मान साहेबांच्या भानगडीवर ठरतो. एकाच्या साहेबांचं नागपूरला दुसरं घर, एकाच्या साहेबांना बायकोने महिनाभर वरच्या मजल्यावर येऊ दिलेलं नाही. ज्याची भानगड मोठी त्याला पंख्यासमोरची खुर्ची. माझ्या भाऊंची एकही भानगड नसल्यामुळे मी कायम उन्हात बसायचो. त्या दिवशी एकाने मला टोमणा मारला, “तुमच्या भाऊचं काही नाही का हो? का तिकीटच नाही त भानगड कुठची?” सगळे हसले. मला ते झोंबलं. मी कप खाली ठेवला आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, “घाटंजीला भाऊंची एक बाई आहे.”

पंख्यासमोरची खुर्ची ताबडतोब रिकामी झाली. मी तीत बसलो.

इथे व्याकरणाचा एक मुद्दा. भाऊ म्हणाले होते ‘बाई आहेत’. मी म्हणालो ‘बाई आहे’. आमच्या बोलीत त काही कमी नाही. आलं त आलं, गेलं त गेलं, दर वाक्याला दोन-दोन त पडलेले असतात. एम.ए. झालेल्या माणसाच्या तोंडून नेमका हाच एक गळला.

पुढच्या गुरुवारी वहिनी, म्हणजे भाऊंच्या मिसेस, ऑफिसात आल्या. त्या ऑफिसात कधीच यायच्या नाहीत. काकांनी पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही. मला विचारलं, “भाऊ कुठं गेले?”

“तिकडे,” मी सवयीने बोलून गेलो.

“मंग मले बी तिकडेच न्या.”

ड्रायव्हरच्या कानावर जायला नको म्हणून आम्ही एसटीने निघालो. तासाभराच्या त्या प्रवासात वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, “वीस वर्सं झाली लग्नाले.” मी शेजारी बसून माझी नोकरी कशी वाचेल याचा विचार करत होतो. एका बाईचा संसार आपल्या एका वाक्यापायी एसटीत बसला आहे, हे मला वाटेत कुठेतरी समजायला हवं होतं. ते समजलं नाही.

घाटंजीत घर शोधावं लागलं नाही. भाऊंची गाडी एका बोळीच्या तोंडाशी उभी होती. दार लोटलेलं होतं. आत पंचाहत्तरीच्या आसपासच्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एक बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि समोर सतरंजीवर मांडी घालून भाऊ. त्यांच्या मांडीवर एक कागद होता आणि कागदावर बोट. भाऊ वाचत होते, “दुर्... दम्... दुर्दम...”

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

कागद माझा होता. माझ्या प्रत्येक शब्दाचे लाल पेन्सिलीने तुकडे केले होते.

बाई म्हणजे शाळेच्या बाई. भाऊंच्या गावात त्यांनी भाऊंना चौथीपर्यंत शिकवलं होतं. चौथीनंतर भाऊ शेतात गेले ते गेलेच. मथळे, सह्या, सातबारा एवढं त्यांचं भागत होतं, आणि बाकीचं तोंडाने भागत होतं. मग मी आलो. माझी भाषणं त्यांना वाचता येईनात आणि मला नाही म्हणायची त्यांना लाज वाटली. म्हणून एवढा मोठा माणूस दर गुरुवारी चोरून शाळेत यायला लागला. मी स्वतः चार वर्षं ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ म्हणत वाढलो, आणि हा शब्द ऐकून मला शाळा आठवली नाही.

वहिनी दारातच उभ्या होत्या. मग आत येऊन भाऊंच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. “मी दहावी झाली आहो,” त्या म्हणाल्या. “मले काहून नाही सांगतलं?”

“तुह्यापुढं लाज वाटे,” भाऊ म्हणाले.

मग आपण काय ऐकून इथवर आलो ते वहिनींनी सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. “शेजारच्या पाच मुली रोज संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला यायच्या,” त्या म्हणाल्या. “चार दिवस झाले, एकही आली नाही. आया माझ्याशी बोलत नाहीत. का ते आत्ता कळलं. या वयात हेही ऐकायचं होतं.” मग त्यांनी विचारलं, “पण हे बोललं कोण?”

“लोक,” मी म्हणालो.

परतताना भाऊंच्या गाडीत मी मागे बसलो होतो. भाऊंनी आरशातून पाहिलं. “पीए, घाटंजीचं त मी तुमालेच सांगतलं होतं.” मी सगळं कबूल केलं, खुर्चीसकट, आणि गळलेल्या त सकट. मला वाटलं, गाडी थांबवून उतरवतील. भाऊ म्हणाले, “जिथं सांगतलं तिथं जा, अन् तो त लावून या.”

मी गेलो. पुढच्या लग्नात पातेल्याजवळ सगळे होतेच. मी उभं राहून म्हणालो, “ते चुकलं होतं. बाई आहे नाही, बाई आहेत.”

“आहेत?” एकाने विचारलं. “म्हणजे एकीपेक्षा जास्त?”

त्यांनी मला पुन्हा पंख्यासमोरची खुर्ची दिली. खरं काय ते सांगायचं असतं, तर भाऊंना धड वाचता येत नाही हेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचा हक्क माझा नव्हता. मी उन्हात उभा राहिलो आणि तसाच परत आलो. भाऊंना म्हटलं, “लागत नाही हो त.”

“मंग गुरुवारी तुमीबी चला,” भाऊ म्हणाले.

त्या गुरुवारी ते बाईंच्या घरात बसलेच नाहीत. सतरंजी उचलून त्यांनी बाहेर ओट्यावर टाकली, बाईंची खुर्ची आणली, बोळीकडे तोंड करून बसले आणि सभेत लावतात तसा आवाज लावून वाचायला लागले. माझंच वाक्य. “दुर्दम... दुर्दम्य इच्छा... शक्तीच्या...” बोळीतल्या बायका दारात आल्या. कोणीतरी मोबाइल वर धरला. भाऊंच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण ते थांबले नाहीत. अडले की बाई “पुन्हा” म्हणायच्या आणि ते पुन्हा म्हणायचे.

तो व्हिडिओ पुढे जिल्हाभर फिरला. त्यावर काय काय लिहिलं गेलं ते सांगत नाही. तिकीट दुसऱ्याला मिळालं, आणि काकांच्या मोबाइलमध्ये ‘नवा पीए ६’ आला. भाऊंनी मला काढलं नाही. माझं मलाच तिथे बसवेना.

पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. मी बाईंसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “बाई, ते लोक नव्हते. मी होतो.” बाईंनी मला भिंगातून नीट पाहिलं. किती शिकलात, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आतून एक दुरेघी वही आणली आणि पेन्सिल दिली. “‘बाई आहेत.’ शंभर वेळा. सुवाच्य.”

मी भाऊंच्या शेजारी ओट्यावर बसलो आणि लिहू लागलो. चाळीसच्या पुढे रेघा नीट दिसेनात, कारण डोळे भरून आले होते. तेवढ्यात समोरच्या दारातली बाई मागे वळून म्हणाली, “जाय वं, दप्तर घे अन् बाईकडे जाय.” दोन वेण्या घातलेली एक मुलगी ओट्यावर येऊन माझ्याजवळ बसली. तिने आधी माझ्या वहीत पाहिलं, मग माझ्याकडे.

“काका, तुमचं काय चुकलं?”

“त,” मी म्हणालो.