चिखलातली वगार

सासूबाई अंगणात घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर पिंपळगाव राजा या गावचं त्यांचं घर बंद करून आम्ही त्यांना खामगावला आमच्याकडे आणलं. जन्मभर म्हशी-बकऱ्या राखलेली बाई. पलंगावर पडून राहणं म्हणजे त्यांना शिक्षाच. टीव्हीवर कौटुंबिक मालिका लावली की म्हणायच्या, "या बायाइले कामधंदा नाही काय वं?"

एका संध्याकाळी, शाळेत शिकवून आल्यावर, मी आफ्रिकेतल्या जनावरांची हिंदीतली मालिका लावली. गवताळ रानातून हजारो जनावरं चालली होती. सासूबाई उशीला टेकून बसल्या.

"याइले राखते कोन?"

"कोणी नाही, आई. जंगली आहेत."

"मंग येकमेकाइलेच राखत असतीन."

पाय फाकवून पाणी पिणारा जिराफ पाहून तर त्या टाके दुखेपर्यंत हसल्या. रोज एक भाग, असं ठरूनच गेलं.

चौथ्या भागात आटलेल्या तळ्याच्या चिखलात रानम्हशीची वगार, लहानसं मादी पिल्लू, फसली. कळप थांबला, घुटमळला, आणि निघून गेला. कॅमेरा मात्र तिच्यावरच होता. सासूबाई टीव्हीवर ओरडल्या, "अबे, फोटो काय काढून राह्यला? हात दे न तिले!"

पुढच्याच क्षणाला पडद्यावर गुलाबी पक्षी आले. वगारीचं काय झालं, कोणी सांगितलंच नाही.

"बंद कर थे."

दोन दिवस टीव्ही बंद. जेवणाकडे लक्ष नाही, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही नाही. तिसऱ्या दिवशी मी खोटं बोलले. "आई, पुढच्या भागात वगार निघते. मी मोबाईलवर पाहिलं."

"खरंच काय वं?"

"हो."

मग प्रत्येक भागात आमचं वगार शोधणं सुरू झालं. म्हशींचा कळप दिसला की मला धडकी भरायची. शेवटच्या भागात एक वगार नदीवर पाणी पीत होती. तिचा एक कान फाटलेला.

"हेच न थे?" सासूबाईंनी विचारलं.

"हो हो, तीच!"

त्या माझ्याकडे पाहून हसायला लागल्या. "तुले खोटं बोलता येत नाही वं. तिचे दोन्ही कान साबूत होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग इतके दिवस पाहिलं काऊन तुम्ही?"

"शाळेतून आली का तू सैपाकाले भिडत होती. या निमतानं घडीभर माह्यापाशी बसली न."

मी टीव्ही बंद केला, पण उठले नाही. मग त्या स्वतःहून सांगू लागल्या. दहा-अकरा वर्षांच्या असताना गावच्या तलावात त्यांची वगार अशीच फसली होती. पळसाचे डगले, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडून त्यांनी तिच्या पोटाखाली सारले, गळ्यातला दोर धरला आणि तिला तासभर हाका मारत राहिल्या. वगार निघाली. घरी आल्यावर चिखलानं माखलेल्या कपड्यांसाठी आईचा मार बसला.

"पन मोठी झाल्यावर लय दूध देल्लं तिनं," त्या म्हणाल्या. एवढं बोलताना त्यांचे हात दोर ओढल्यासारखे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉकर पुढे केला, तर पहिल्यांदाच त्यांनी कुरकुर केली नाही. दारापर्यंत आल्या, उन्हात खुर्ची टाकायला लावली, आणि समोरून चाललेल्या शेजारणीच्या बकऱ्यांना नावं ठेवत बसल्या.