दुसऱ्या तारेची खरखर

नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात सगळे त्यांना खांबकाका म्हणत. एक तर माणूस सहा फुटांच्या वर, त्यात एकतीस वर्षं सगळ्यांच्या मागे भिंतीला लागून उभा. वाजवायचे डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्याच घाटाचं, पण माणसाच्या डोक्यावर जाणारं खर्जातलं वाद्य. तरुणपणी नेपथ्याच्या सुतारखान्यात लागलेला हा गडी म्हाताऱ्या वादकासाठी उंच स्टूल करून द्यायला गेला आणि त्याच्या नादी लागून तिथलाच झाला. टाळ्या कधी त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. "आपण थांबलो तरच लोकांना कळतं की आपण होतो," असं ते हसत सांगत.

त्या वर्षी प्रयोगांचा हंगाम दोन आठवड्यांवर आला आणि दुसऱ्या तारेत खरखर सुरू झाली. बोट दाबलं की सुराला चिकटून यायची, डब्यात माशी कोंडल्यासारखी. तालमीत संचालकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मागे पाहिलं. ती नजर खांबकाकांना लागली.

वाद्य नाट्यगृहाच्या मालकीचं. दुरुस्तीला द्यायचं म्हणजे अर्ज, सह्या आणि महिनाभराचा खोळंबा. त्यांनी ते टेम्पोत घालून सरळ घरी आणलं. हात सुताराचा होता आणि दोष त्यांच्या मते उघड होता. तारांखालची काळी लाकडी पट्टी, जिच्यावर बोटं दाबायची, ती झिजून उंचसखल झाली असणार, आणि थरथरणारी तार तिथे घासत असणार.

बायको घरीच शिवणकाम करायची. तिचं मशीन भिंतीकडे सरकवून त्यांनी गादी अंथरली आणि वाद्य पाठीवर झोपवलं. तारा उतरवल्या. पोलादी पट्टीच्या कडेला खडू चोळून ती काळ्या लाकडावरून फिरवली. पांढरं उमटेल तिथे उंचवटा. रंध्याचं पातं केसभर बाहेर काढून त्यांनी तो उतरवला. काजळासारखी भुकटी तिच्या कापडांवर बसली, ती तिने झटकून टाकली. मग पॉलिश पेपर, मग तेलाचा हात. पट्टी मधोमध पोस्टकार्डाच्या जाडीइतकी खोलगट लागते, तीही त्यांनी राखली. काम देखणं झालं. तारा चढवून त्यांनी गज फिरवला. खरखर जशीच्या तशी.

पुन्हा तारा उतरल्या. दुसऱ्यांदा तासलं, तिसऱ्यांदा तासलं. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली चकत्या सारून तारा उंच केल्या, तर तिसरी तारही खरखरायला लागली. बायको म्हणाली, कुणा कारागिराला दाखवून तर बघा. त्यावर ते पातं पाजळत बसले. रंधा निसटून बोट कापलं. सकाळी शर्टाची बटणं लावायला वेळ लागे, त्याचं खापर त्यांनी कपड्याच्या कडक खळीवर फोडलं. बशी फुटली ती साबणामुळे. तिने सगळं पाहिलं आणि मनात ठेवलं.

आठव्या दिवशी त्यांनी तिला हाक मारली. "अगं, जरा इकडे ये. मी दाखवतो तिथे तार दाबून धर. मी गज ओढतो आणि बाजूने बघतो, कुठे घासतेय ते."

जाड कापडाशी झुंजून तिची बोटं चिवट झाली होती. तिने तार दाबली, त्यांनी गज ओढला, आणि सूर निघाला तो थेट फरशीतून आल्यासारखा. भरदार, स्वच्छ.

"गेली की हो खरखर," ती हरखून म्हणाली.

"सोड," ते म्हणाले. त्याच जागी त्यांनी स्वतःचं बोट ठेवलं. खरखर. पुन्हा तिचं बोट, पुन्हा स्वच्छ सूर. आता तिच्याही ध्यानात आलं. तिसऱ्या वेळी तिने बोट मुद्दाम ढिलं ठेवलं आणि तार खरखरली.

त्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. "नीट दाब," ते हळूच म्हणाले. "माझ्यासाठी खोटं नको वाजवूस."

तिने दाबलं. त्यांनी शेवटपर्यंत गज ओढला आणि खाली ठेवला. पट्टीला काही झालेलंच नव्हतं, एवढंच म्हणाले. तिने त्यांचा डावा हात ओढून घेतला. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा उंचवटा असतो, तो पार बसला होता.

"हे कधीपासून?"

"काय माहीत. मी पट्टीकडेच बघत होतो."

दवाखान्यात सुया टोचून, वायरी लावून तपासण्या झाल्या. स्नायू वाळत जाण्याचा आजार निघाला. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण तिने आडपडदा ठेवला नाही. आधी दुसरा हात, मग पाय, मग श्वास.

खांबकाकांनी संचालकांना जाऊन सगळं सांगितलं. आजाराचं दोन वाक्यांत उरकलं, पट्टीचं मात्र पुन्हा पुन्हा सांगत राहिले. चांगलं लाकूड आपण उगाच तासलं, ही टोचणी त्यांना आजारापेक्षा मोठी होती. पट्टी नवी बसवता येईल, संचालक म्हणाले, आणि दुसरा वादक मिळेपर्यंत वाद्य घरीच राहू द्या.

मिळायला पाच महिने लागले. तोवर दुपारी ती तार दाबायची आणि ते गज ओढायचे. तिला स्वरातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते सांगत, "वर घे, अजून थोडं, हां," आणि ती घ्यायची. उन्हाळा सरता सरता गज त्यांच्या उजव्या हातातूनही गळायला लागला. मग त्यांनी वाद्यावर चादर घालायला सांगितली.

दोन हमाल न्यायला आले. खुर्चीतूनच खांबकाकांनी समजावलं, वाद्याचा गळा पुढे धरा, जिन्याच्या वळणावर उभं करा. ते हो हो म्हणत उतरले. दुसऱ्या वळणावर काहीतरी आदळलं, आणि चारही तारा जिनाभर घुमल्या.

"भिंतीला लागलं असेल नुसतं," बायको म्हणाली.

"खालची कड गेली. जा, तुकडा टाकू नका म्हणावं, परत चिकटवता येतो."

ती अनवाणीच धावली. तुकडा पायरीवर पडला होता. टेम्पो निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो फडक्यात बांधून ती नाट्यगृहावर गेली. कुणाला द्यायचा, असं दारवानाने विचारलं. "डबल बास आता जो कुणी वाजवत असेल त्याला," ती म्हणाली, आणि घरी ते एकटे आहेत म्हणून झपाझप निघाली.